पिशवी काढली, तोंड राहिलं

(बीडमध्ये आशाताई, नर्सताई आणि काही शिक्षिकांसमोर एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी केलेलं हे भाषण. भागाचं ध्वनिमुद्रण ऐकून शब्दांकन केलंय. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवलीय. शेवटची प्रश्नोत्तरं थोडी छाटली आहेत.)

आवाज मागपर्यंत येतोय ना? ठीक आहे.

आधी एक सांगते. मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही. मी काचेच्या पट्टीवर पेशंटचा तुकडा तपासणारी डॉक्टर आहे. बाईचा चेहरा मला बहुतेक वेळा दिसतच नाही. एक नंबर येतो, वय येतं, गाव येतं, आणि एका छोट्या बाटलीत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा येतो. त्यावरून मी कागदावर दोन ओळी लिहिते. त्या दोन ओळींवर त्या घरातलं पुढचं सगळं ठरतं.

असाच एक तुकडा आला होता. वय अडतीस, ऊसतोड कामगार, तालुका सांगत नाही. फॉर्मवर लिहिलेलं, ‘पिशवीचं ऑपरेशन झालेलं आहे. अंगावरून रक्त जातंय.’ आणि खाली, ‘तुकडा गर्भाशयमुखातून घेतला.’ मी फॉर्म दोनदा वाचला. पिशवी काढलेली, मग मुख कुठून आलं? फोन लावला. तपासणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, मॅडम, वरची पिशवी काढलीय, तोंड तसंच आहे. डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘पिशवीचं ऑपरेशन’ एवढंच लिहिलंय.

पिशवी काढताना कधीकधी तोंड ठेवावं लागतं. आतलं चिकटलेलं असतं, रक्त जास्त जात असतं, मूत्राशयाला धक्का बसायची भीती असते. ते चूक असतंच असं नाही. चूक ही, की त्या बाईला कुणी सांगितलंच नाही. तिला वाटलं आपलं सगळं गेलं. त्यामुळं पुढं रक्त जायला लागलं तेव्हा ती चार महिने गप्प बसली. कारखान्यावर होती. नवऱ्याला म्हणाली, ‘पिशवीच नाय राहिली, मग कसला कॅन्सर?’ हे मला नंतर तिच्या जावेनं सांगितलं, रिपोर्ट न्यायला ती आली होती तेव्हा.

आणि ऑपरेशन केलं कशासाठी होतं? पांढरं जायचं म्हणून. आणि डॉक्टर म्हणाले होते, ‘काढून टाका, नायतर कॅन्सर व्हईल.’

आता तुकड्याचं सांगते. गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हटलं की शंभरातल्या ऐंशीहून जास्त बायकांमध्ये तो एकाच जातीचा निघतो, स्क्वेमस. वरच्या कातडीसारख्या थरातून उगवतो. त्याच्या खालोखाल ग्रंथींमधून होणारा, त्याला अॅडिनोकार्सिनोमा म्हणतात. या दोघांची आम्हाला सवय आहे. या तुकड्यात मात्र बारीक बारीक, गडद निळ्या पेशी खच्चून भरलेल्या होत्या. एकमेकींवर रेललेल्या, चिरडलेल्या. फुप्फुसात सिगारेटवाल्यांना जो स्मॉल सेल कॅन्सर होतो ना, अगदी तोच चेहरा. तो गर्भाशयमुखातही होतो, शंभरात एक-दोन बायकांना. पूर्ण नाव स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा. नाव विसरलात तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा की ही जात वेगळी आहे आणि हिची चाल वेगळी आहे.

चाल कशी वेगळी? नेहमीचा कॅन्सर वर्षानुवर्षं तयार होत असतो. आधी एचपीव्ही विषाणूचा संसर्ग, तो बहुतेकींमध्ये आपोआप जातो. काहींमध्ये टिकतो, मग पेशी बिघडतात, मग दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर. म्हणजे पकडायला आपल्याला भरपूर वेळ मिळतो. स्मॉल सेलला तो संयम नाही. गाठ हाताला लागते तोवर पेशी रक्तातून आणि लसीका ग्रंथींतून निघालेल्या असतात, फुप्फुसात, यकृतात, हाडांत, कधी मेंदूत. आणि तो पृष्ठभागाच्या खाली वाढतो, म्हणून पॅप स्मिअर पुष्कळदा नॉर्मल येतो. व्हिनेगर लावून बघायची तपासणी, तुम्ही ज्याला व्हीआयए म्हणता, तीही फसू शकते. बाईला पॅप नॉर्मल सांगितलेला असतो आणि वर्षाच्या आत कॅन्सर निघतो. लोक म्हणतात लॅबनं घोळ केला. कधी केलेला असतोही. पण या जातीत घोळ न करताही असं होतं.

मग जगणं-मरणं कशावर ठरतं? आजचा विषय तोच आहे.

पहिली गोष्ट स्टेज. कॅन्सर मुखापुरताच आहे, आजूबाजूला पसरलाय, की लांब गेलाय. दुसरी, लसीका ग्रंथींत पोचलाय का. २०१८ पासून स्टेज ठरवतानाच ग्रंथी धरायला लागले, म्हणजे ग्रंथीत सापडला की बाई थेट तिसऱ्या स्टेजमध्ये. तिसरी, गाठीचा आकार. चौथी, शरीरभर जाणारी केमोथेरपी मिळाली का आणि पूर्ण झाली का. जगभरातले सगळे अभ्यास एकत्र केले तर स्मॉल सेलमध्ये पाच वर्षं काढणाऱ्या बायका साधारण तिनात एक. लवकर सापडलेल्यांत याहून बऱ्या, पसरलेल्यांत फारच थोड्या. हा आकडा मी गोड करून सांगणार नाही.

पण ‘तिनात एक’ हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे. समोर बसलेल्या एका बाईचा तो आकडा नसतो. तिचं आधी बघायचं: गाठ केवढी आहे, ग्रंथी कशा आहेत, किडनीची नळी दाबलीय का, हिमोग्लोबिन किती आहे. आणि एक गोष्ट कुठल्याच आंतरराष्ट्रीय तक्त्यात नसते, पण बीडमध्ये असते. ती म्हणजे बाई कारखान्यावर आहे की घरी.

इथं मी थोडी थांबते, कारण नेहमीच्या कॅन्सरबद्दलही हेच खरं आहे आणि तो आपल्याकडे शंभरपट जास्त दिसतो. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला मुख्य उपचार ऑपरेशन नसतोच. बाहेरून रेडिएशन, ज्याला लोक ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात, सुमारे पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची सलाईन. आणि मग आतून रेडिएशन, ब्रेकीथेरपी, तीन-चार वेळा. हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. त्यापुढं लांबलेल्या दर दिवसामागं आजार ताब्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्का घटते. दिवाळीला घरी गेल्या आणि पंधरा दिवसांनी आल्या, तर काय होतं ते तुम्हीच हिशोब करा.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं तिसऱ्या स्टेजच्या ८५० बायकांवर अभ्यास केला होता, २०१८ साली छापून आला. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांत पाच वर्षांनी जिवंत ४६ टक्के. सोबत सिस्प्लॅटिन दिलेल्यांत ५४ टक्के. म्हणजे तिसऱ्या स्टेजलाही निम्म्या बायका पाच वर्षं जगतात, उपचार पूर्ण झाला तर. आपल्याकडे लोक तिसरी स्टेज ऐकली की माघारी फिरतात. ‘आता काय उपयोग, शेत विकून पैसा घालायचा का?’ म्हणतात. मला हे फार लागतं, कारण माझ्याच रिपोर्टवरचा शब्द ऐकून ते परत फिरलेले असतात.

रक्तक्षयाचंही तसंच. हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बाईला रेडिएशनचा उपयोग कमी होतो, कारण गाठीत प्राणवायू पोचला तर लाईट नीट काम करतो. ऊसतोडीच्या बायकांचं हिमोग्लोबिन तुम्ही रोज बघता. मला सांगायची गरज नाही.

आता पिशवीकडं येते. तुमच्या मनात ते केव्हापासून आहे, मला दिसतंय.

२०१९ साली बीडचं नाव देशभर गाजलं. विधान परिषदेत प्रश्न विचारला गेला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. पाहणी झाली ८२,३०९ ऊसतोड बायकांची. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. देशात १५ ते ४९ वयात हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली.

कारणं बाहेरच्या पत्रकारांनी लिहिली ती खोटी नाहीत. उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, पाळीचे चार दिवस परवडत नाहीत. फडात संडास नाही, पाणी नाही, कोपीत आडोसा नाही. पण माझ्या धंद्याच्या बाजूनं बघितलं तर एक गोष्ट कमी बोलली गेली. या बायकांना भीती कशाची घातली गेली? कॅन्सरची. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. गर्भाशयमुखावर लालसर दिसणं हे तर तरुण बायकांत कित्येकदा नैसर्गिक असतं. सोनोग्राफीत ‘जाड पिशवी’ म्हणजे कॅन्सर नाही. पण कॅन्सर हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. ज्या भीतीनं ऑपरेशन झालं त्या भीतीची तपासणी मात्र आधी झालीच नाही. तोंडाचा स्मिअर नाही, एचपीव्ही नाही, संशय असेल तर तुकडा नाही. थेट ऑपरेशन. आता समजा खरंच आत कॅन्सर होता. तर साधं पिशवीचं ऑपरेशन हा त्याच्यावरचा उपचार नव्हेच. अगदी सूक्ष्म अवस्था सोडली तर मुखाच्या बाजूचा भाग, योनीचा वरचा कडा, लसीका ग्रंथी असं सगळं काढावं लागतं, किंवा ऑपरेशन न करता रेडिएशन द्यावं लागतं. साधी पिशवी काढली की मधूनच कापलं जातं. मग पेशी मागं राहतात. वर आणखी अडचण अशी की पिशवी गेली की ब्रेकीथेरपीची नळी ठेवायला नीट जागा राहत नाही, आतडी खाली येऊन चिकटतात, आणि रेडिएशनचा पूर्ण डोस देता येत नाही. म्हणजे कॅन्सर नव्हता तर ऑपरेशन फुकट, आणि होता तर ऑपरेशननं पुढचा उपचार अवघड केला.

आणि काढलेली पिशवी कुठं जाते? हा प्रश्न तुम्ही सगळ्यांनी विचारायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती एका ट्रेमध्ये नवऱ्याला, सासूला दाखवतात. ‘बघा, किती सडली होती.’ मग कचऱ्यात. प्रत्येक पिशवी तपासणीला गेली पाहिजे, तिचा लेखी रिपोर्ट आला पाहिजे. खर्च ऑपरेशनच्या मानानं किरकोळ आहे. रिपोर्ट असता तर निदान या हजारो पिशव्यांमध्ये किती निरोगी होत्या हे कागदावर आलं असतं. कदाचित म्हणूनच तो काढला जात नसेल. हे माझं मत आहे, कुणावर आरोप नाही.

आता जरा बरं काहीतरी सांगते, आणि तेही शेजारचं.

बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणी पेशंट घेऊन गेल्या असाल. १९८७ साली तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम. बीडच्या वेशीवरचाच भाग. त्या लोकांनी गावोगाव जाऊन काय केलं? यंत्र नेलं नाही. बायकांशी, गावकऱ्यांशी बोलले. पाळी गेल्यावर रक्त आलं, संबंधानंतर रक्त आलं, घाण वासाचं पाणी गेलं तर दवाखान्यात या, एवढंच सांगत राहिले. काही वर्षांत असं दिसलं की बायका आधीच्या स्टेजला यायला लागल्या. १९९५ मध्ये ते शास्त्रीय मासिकात छापून आलं. नुसत्या बोलण्यानं! आशाताईंचं कामाचं नाव तेव्हा नव्हतं, पण काम तेच होतं.

मग १९९९ ला उस्मानाबाद, आताचं धाराशिव, तिथं फार मोठा प्रयोग सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट केले, चिठ्ठ्या टाकल्यासारखं चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही तपासणी, एकात पॅप, एकात व्हीआयए, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था, म्हणजे खरं तर काही नाही. एकच तपासणी, आयुष्यात एकदा. आठ वर्षं वाट बघितली. २००९ मध्ये निकाल आला. काही न केलेल्या भागात या कॅन्सरनं ६४ मृत्यू. एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४. जवळपास निम्मे. पॅप आणि व्हीआयएच्या भागांत मात्र तेवढा ठाम फरक दिसला नाही. आयुष्य पॅप बघण्यात घालवलेल्या बाईला हे कबूल करायला जड जातं, पण आहे ते आहे. व्हीआयएसाठी एवढं सांगते, मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी ती केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे पुन्हा पुन्हा आणि नीट केली तर ती उपयोगाची आहे.

या प्रयोगावर पुढं टीकाही झाली. चौथ्या भागातल्या बायकांना नुसतं बघत का ठेवलं, असा प्रश्न लोकांनी उचलला. तो रास्त आहे. संशोधकांचं म्हणणं, तेव्हा या देशात गावात तपासणी ही नेहमीची व्यवस्था नव्हतीच. मला विचाराल तर माझा राग दुसरीकडं आहे. त्या ६४ बायकांच्या मरणातून आपल्याला जे कळलं, ते वापरलं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत विचारलं, तर देशात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी ही तपासणी झालेल्या दोन टक्केसुद्धा नाहीत. सगळं जग ज्या अभ्यासावरून धोरणं बदलतं, तो आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाला, आणि आपल्या बायकांच्या वाट्याला पिशवी काढणं आलं.

परत माझ्या त्या तुकड्याकडं येते. निळ्या पेशी दिसल्या म्हणून लगेच रिपोर्ट देता येत नाही. त्या पेशी दुसऱ्या आजारांच्याही असू शकतात, लिम्फोमा असू शकतो. खास रंग लावावे लागतात, सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन वगैरे. ते लहान लॅबमध्ये नसतात, ब्लॉक मोठ्या शहरात पाठवावा लागतो. यात दिवस जातात, आणि या जातीत दिवस महाग आहेत. तरी ते करावंच लागतं, कारण औषध बदलतं. नेहमीच्या कॅन्सरला सिस्प्लॅटिन पुरतं. याला सिस्प्लॅटिनसोबत इटोपोसाइड लागतं, फुप्फुसाच्या स्मॉल सेलला देतात तसं. लहान गाठ असेल तर मोठं ऑपरेशन आणि मग केमो, मोठी असेल तर केमो आणि लाईट. चुकून ‘कार्सिनोमा’ एवढंच लिहून रिपोर्ट गेला तर बाईला चुकीच्या जातीचा उपचार सुरू होतो. हे आमच्या बाजूचं पाप, ते आमच्याच पदरात घ्यायला पाहिजे.

तिचा रिपोर्ट अकरा दिवसांनी गेला. सीटी स्कॅनमध्ये यकृतात दोन ठिकाणी दिसलं. तिनं केमोचे चार डोस घेतले, महात्मा फुले योजनेतून, पैसे लागले नाहीत. पाचव्याला आली नाही. जाऊ म्हणाली, ‘ताई, तिचं बरं वाटत होतं म्हणून ती पोरीच्या लग्नाच्या तयारीला लागली.’ लग्न झालं. पुढचं मी सांगत नाही, तुम्हाला कळलं.

तिचं ऑपरेशन झालं तेव्हाच कॅन्सर मुखात होता का? मला विचारू नका. तेव्हाचा एक तुकडा, एक स्मिअर असता तर सांगता आलं असतं.

बरं, प्रश्न घेऊ.

(पहिला प्रश्न नीट ऐकू येत नाही. विषय लसीचा.)

हो, लस. एचपीव्हीची लस नऊ ते चौदा वयाच्या मुलींना, संसर्गाच्या आधी. पुण्याच्या सीरमनं बनवलेली सर्वाव्हॅक २०२२ पासून देशात मंजूर आहे. स्मॉल सेलमध्येही बहुतेक वेळा एचपीव्हीच सापडतो, त्यातही १८ नंबरचा पुष्कळ. तो लसीत आहे. तपासणी या जातीला फसू शकते म्हणून तर लस इथं जास्त मोलाची. एक डोस पुरतो का, असं विचारताय ना? त्यावरचा मोठा पुरावा भारतातूनच आला, आणि त्या अभ्यासाचं एक केंद्र पुन्हा बार्शीच होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं. मुलींना लसीनं मूल होत नाही वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते खोटं आहे.

(दुसरा प्रश्न: ज्यांची पिशवी आधीच काढलीय त्यांचं काय?)

हा खरा प्रश्न. ताई, तुमच्या यादीत अशा किती आहेत? चाळीस? मग त्या चाळीस जणींची डिस्चार्ज कार्डं बघा. तोंड काढलंय का, हे लिहिलंय का. बहुतेकींकडं कार्डच नसेल, किंवा पाण्यात भिजून गेलं असेल. मग सरकारी दवाखान्यात एकदा नुसतं स्पेक्युलम लावून बघायला सांगा, दोन मिनिटांत कळतं. तोंड असेल तर तिची तपासणी इतर बायकांसारखीच व्हायला पाहिजे. नसेल तरी रक्त गेलं तर यायचंच. आणि हे कारखान्यावर जायच्या आधी करा, म्हणजे दसऱ्याच्या आत. एकदा टोळी निघाली की सहा महिने तुम्हालाही ती सापडणार नाही, मलाही नाही.

(तिसरा प्रश्न: नवरा पाठवत नाही तेव्हा काय करायचं?)

याला माझ्याकडं औषध नाही. पण मी एक पाहिलंय. नवऱ्याला ‘कॅन्सर असेल’ म्हटलं की तो घाबरून खासगीत नेतो आणि पिशवी काढून आणतो. ‘रक्त वाढवायच्या गोळ्या आहेत, तपासून घ्यायचंय’ म्हटलं की पाठवतो. तुम्ही मला जास्त शिकवाल यात. तुमच्यापैकी कुणी पाठवायला लावलंय का? हां, मागच्या ताई, तुम्ही सांगा. माइक द्या त्यांना.